घरट्याला जखडलेला कॅमेरा

१८९० ते १९६० या काळात छापलेली पक्ष्यांच्या छायाचित्रांची पुस्तके एकापाठोपाठ एक चाळत गेले, तर एक गोष्ट हळूहळू जाणवू लागते आणि मग नजरेआड होत नाही. या पुस्तकांतला पक्षी जवळपास नेहमी घरट्यावर असतो. अंडी उबवत बसलेला, पिलांच्या उघड्या चोचीत अळी भरवणारा, घरट्याच्या काठावर क्षणभर थांबून कानोसा घेणारा. पक्ष्याच्या वर्षातले घरट्याचे दिवस तसे मोजकेच. उरलेल्या काळात तो चरतो, भांडतो, पाण्यात डुंबतो, पिसे साफ करतो, हजारो किलोमीटरचा प्रवास करतो. ते सगळे आयुष्य या पुस्तकांत तुरळक दिसते, आणि दिसलेच तर बहुधा दूरवरचा, अंधूक ठिपका म्हणून. असे का झाले, याचे रूढ उत्तर असे की त्या पिढीला विणीचेच कुतूहल होते, अंडी गोळा करण्याच्या छंदातूनच ही माणसे छायाचित्रणाकडे आली होती. यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. पक्षी घरट्यावर दिसतो याचे मुख्य कारण माणसाच्या आवडीपेक्षा काचेच्या आणि रसायनांच्या मर्यादेत सापडते, असे मला वाटते. शटर किती वेळ उघडे ठेवायचे, लेन्सचे तोंड किती उघडायचे आणि प्रकाश टिपणारा पृष्ठभाग किती संवेदनशील घ्यायचा, हे तीन निर्णय आज कोणत्याही नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवले जातात. याच तीन निर्णयांनी सत्तर वर्षे ठरवले की पक्ष्याच्या आयुष्याचा कोणता तुकडा आपल्याला स्पष्ट पाहायला मिळेल.

हे पटण्यासाठी थोडे गणित करावे लागेल, आणि ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. कबुतर सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने उडते असे धरू. शटर १/१०० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात ते १५ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळपास निम्मे. छायाचित्रात त्याचा फराटा उमटणार. १/२००० सेकंद ठेवले तर हेच अंतर पाऊण सेंटिमीटरवर येते आणि पिसांच्या कडा दिसू लागतात. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवत नेला तर धड काही प्रमाणात सावरते, पण पंखांची टोके धडापेक्षा निराळ्याच वेगाने वरखाली होत असतात. ती सावरत नाहीत. आता प्रकाशाची बाजू पाहू. लख्ख उन्हात लेन्स एफ/१६ वर असेल, तर शटरचा वेग साधारण संवेदनशीलतेच्या आकड्याइतका येतो: आयएसओ २५ ला १/२५ सेकंद. लेन्स एफ/५.६ पर्यंत उघडली की आठपट प्रकाश आत येतो आणि वेग १/२०० होतो. इथे दुसरी अडचण उभी राहते. लेन्स उघडली की स्पष्टतेची खोली आटते. ५०० मिमीची लेन्स एफ/५.६ वर, पक्षी १० मीटरवर, ३५ मिमी फिल्मचा आकार. अशा वेळी पुढून मागपर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. पक्षी ५ मीटरवर आला तर तीनच. डोळा स्पष्ट आणि शेपटी धूसर, हे तिथूनच येते. म्हणजे वेग हवा तर लेन्स उघडा, लेन्स उघडली तर फोकस अचूक हवा, आणि फोकस अचूक साधायचा तर पक्षी नेमका कुठे असेल हे आधी ठाऊक हवे. या साखळीतून सुटायचा एकच मार्ग म्हणजे अधिक संवेदनशील पृष्ठभाग, आणि तोच नेमका त्या काळी हाताशी नव्हता.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी जाहीर केलेल्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच प्रकाश द्यावा लागे आणि ओली असतानाच ती धुवावी लागे; अंधारी खोली तंबूच्या रूपात बरोबर न्यावी लागे. पक्ष्यांसाठी ही पद्धत बाजूलाच ठेवलेली बरी. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचांची कल्पना मांडली, १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्या विकत मिळू लागल्या, आणि तिथून खरी सुरुवात होते. इथेच माझ्या म्हणण्याला पहिला आक्षेप घेता येतो. १८८२ साली एतिएन-ज्यूल मारे यांनी फ्रान्समध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा घडवून उडत्या पक्ष्यांची सेकंदाला १२ चित्रे घेतली, प्रत्येक सुमारे १/७२० सेकंदाचे. १८८४ साली लिसा या गावी ओटोमार आन्शुट्झ यांनी पांढऱ्या करकोच्यांची जी छायाचित्रे काढली, त्यांच्याकडे पाहून ओटो लिलिएंथाल यांनी उड्डाणाचा अभ्यास पुढे नेला. मग उडता पक्षी टिपणे अशक्य होते असे कसे म्हणायचे? पण या दोघांनी काय निवडले ते नीट पाहावे. मारे यांच्या बंदुकीने टिपलेले पक्षी मुख्यतः उजळ आकाशापुढच्या आकृती आहेत, पिसांचा तपशील त्यांत नाही. पुढे पॅरिसच्या प्रयोगशाळेत त्यांनी पांढरे पक्षी काळ्या पडद्यापुढे, भर उन्हात उडवले. करकोचा मोठा, पांढरा, संथ पंखांचा. आणि आन्शुट्झ यांच्या कितीतरी चित्रांत तो घरट्यावर उतरताना किंवा घरट्याभोवती आहे. प्रकाशाचा तुटवडा या दोघांनाही चुकला नव्हता. तो भरून काढता येईल असेच पक्षी, अशीच पार्श्वभूमी आणि असेच ठिकाण त्यांनी हुडकून काढले. झुडपात चरणारा तपकिरी, मूठभर आकाराचा पक्षी या युक्तीच्या आवाक्यात नव्हता, आणि जगातले बहुसंख्य पक्षी तसेच आहेत.

त्या पक्ष्यांकडे इंग्लंडमधले कीर्टन बंधू वळले. रिचर्ड आणि चेरी हे यॉर्कशरच्या स्वेलडेल खोऱ्यात वाढलेले भाऊ. १८९२ साली चेरीने एका कस्तूर पक्ष्याच्या घरट्याचे, अंड्यांसकट, छायाचित्र घेतले, आणि १८९५ साली दोघांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक निघाले, छायाचित्रांनी सजलेले. त्याच वर्षी आर. बी. लॉज यांनी अंड्यांवर बसलेली टिटवी टिपली. विषय घरटीच का, हे त्यांच्या कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून पाहिले की कळते. लाकडी पेटीच्या मागे दुधी काच असे. तिच्यावर डोक्यावरून काळे कापड घेऊन उलटी प्रतिमा पाहायची आणि फोकस जुळवायचा. जुळला की ती काच बाजूला करून तिथे प्लेटची चौकट सरकवायची. चौकट आत गेली की छायाचित्रकाराला लेन्समधून काहीही दिसत नाही. म्हणजे फोकस आधी, पक्षी नंतर. पक्ष्याने स्वतःहून येऊन, आधी ठरवलेल्या त्या वीतभर जागेत, त्याच अंतरावर, स्थिर उभे राहायला हवे. रानात अशी जागा कुठे असते? पाणवठा, आवडती फांदी, एखादा खांब. पण हमखास आणि दिवसातून अनेक वेळा पक्षी परत येतो ती एकच जागा, घरटे. त्यावर पक्षी बसून राहतो, त्यामुळे शटर सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत उघडे ठेवले तरी चालते. संथ प्लेट, बारीक केलेली लेन्स आणि डोळे झाकून केलेला फोकस या तीनही कमतरता घरटे एका फटक्यात भरून काढते. कीर्टन बंधूंनी विसाव्या शतकाच्या तोंडावर बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात छायाचित्रकार लपवला, हे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. तो बैल गमतीचा म्हणून लोकांच्या लक्षात राहिला, पण त्याच्याकडे एक तांत्रिक उपाय म्हणूनच पाहायला हवे. लेन्स दूरचे जवळ आणू शकत नव्हती, म्हणून माणसाला जवळ न्यावे लागले, आणि जवळ जायचे तर जिथून पक्षी सहजी पळून जाणार नाही अशाच ठिकाणी.

आरसा असलेले रिफ्लेक्स कॅमेरे आले तेव्हा यातला एक दुवा सुटला. चित्र घेण्याच्या क्षणापर्यंत पक्षी दिसू लागला, फोकस शेवटच्या घडीपर्यंत बदलता येऊ लागला. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली पक्षी आणि कॅमेरा याच विषयावर पुस्तक लिहिले. लेन्स, शटर, प्लेट यांची निवड कशी करावी यासाठी त्यात मनापासून जागा दिली आहे. त्यांच्या पिढीने समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींवर उडते पक्षी टिपले, कारण तिथे ऊन भरपूर, पक्षी पांढरे आणि संख्या एवढी की दहा प्लेटा वाया गेल्या तरी अकरावीत काही सापडावे. पण वसाहत म्हणजे तरी काय? एकमेकांना लागून असलेली हजारो घरटी. फोकस मोकळा झाला, तरी प्रकाशाचे देणे शिल्लकच होते.

हिंदुस्थानात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. आर. एस. पी. बेट्स या लष्करी अधिकाऱ्याचे इथल्या पक्षिजीवनावरचे सचित्र पुस्तक १९३१ चे. ई. एच. एन. लोदर रेल्वेत होते. 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे त्यांचे पुस्तक १९४९ साली निघाले. त्यांची भिस्त लपणावर होती: कापडाचा छोटा तंबू घरट्यापासून काही अंतरावर उभा करायचा, पक्ष्याला त्याची सवय झाली की थोडा थोडा पुढे सरकवायचा आणि मग आत बसून वाट पाहायची. या दोघांनी मिळून काश्मीरच्या पक्ष्यांवर १९५२ साली जे पुस्तक काढले त्याचे शीर्षकच 'ब्रीडिंग बर्ड्स ऑफ काश्मीर' असे आहे. मुंबईशी जोडलेले नाव म्हणजे लोक वान थो. सिंगापूरचा हा चित्रपटगृहांचा मालक युद्धकाळात भारतात आला, पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींशी त्याची मैत्री झाली, दोघांनी मिळून पक्ष्यांमागे भटकंती केली, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कामाला त्याने पुढे सढळ हाताने पैसा दिला. त्याचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे पुस्तक १९५७ चे. उत्तम लेन्स, हवी तेवढी फिल्म, हवे तेवढे मदतनीस मिळवण्याची ऐपत असलेला हा माणूस. तरीही त्याच्या कामाचा कणा लपण आणि घरटे हाच राहिला. हा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. पैशाने जे सुटण्यासारखे होते ते त्याने सोडवले असते. संवेदनशील रंगीत फिल्म त्या काळी कोणत्याच किमतीला मिळत नव्हती.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. प्रकाश कमी होता म्हणता, तर फ्लॅशचे काय? जॉर्ज शिरास यांची रात्रीच्या वन्यप्राण्यांची फ्लॅशची छायाचित्रे 'नॅशनल जिओग्राफिक'ने १९०६ सालीच छापली होती. एलियट पोर्टर यांच्या रंगीत पक्षिचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९४३ साली भरले, ते सगळे फ्लॅशच्या उजेडातले. हॅरल्ड एजर्टन यांनी विद्युत फ्लॅश घडवला, आणि ड्यूपाँ कंपनीचे प्रमुख क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी सेकंदाच्या काही हजारांश भागापेक्षाही कितीतरी कमी काळ चमकणाऱ्या दिव्यांनी हमिंगबर्डचे पंख हवेत थिजवून दाखवले. त्यांचे पुस्तक १९६० चे. एवढा उजेड हाती असताना छायाचित्रकार घरट्याशीच का थांबला? कारण फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. दोन मीटरवर जो दिवा पुरतो, तोच आठ मीटरवर सोळापट अपुरा पडतो. सूर्याच्या बाबतीत पक्षी दहा मीटरवर असो की शंभर, त्याच्यावर पडणारा उजेड तेवढाच. फ्लॅशच्या बाबतीत पक्षी कुठे येणार हे सेंटिमीटरच्या हिशेबात आधी माहीत हवे, दिवे तिथे आधी रोवलेले हवेत, तारा ओढलेल्या हव्यात. ग्रीनवॉल्ट यांचे हमिंगबर्डही बहुतांशी साखरपाण्याच्या नळीशी बोलावलेले होते, म्हणजे ठरलेल्या बिंदूशी. त्यामुळे फ्लॅशने घरट्याची पकड सैल केली नाही, उलट आवळली. ब्रिटनचे एरिक हॉस्किंग हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९३७ साली वेल्समध्ये एका घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे अंधारात जात असताना त्या पक्षिणीने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. तरी ते थांबले नाहीत. १९४८ सालचे त्यांचे जगप्रसिद्ध छायाचित्र, चोचीत उंदीर घेऊन पंख पसरलेले गव्हाणी घुबड, हे फ्लॅशच्या उजेडातले आहे आणि ते घुबड पिलांकडे परत येत आहे. पंखांची प्रत्येक कड त्यात लखलखीत आहे. रात्रीच्या अंधारात एवढी स्पष्टता त्या काळी केवळ पक्ष्याच्या येण्याजाण्याची वाट आधी ठाऊक असल्यामुळे शक्य होती.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा. घरट्याची छायाचित्रे विज्ञानाला हवी होती. अंडी पळवण्याच्या घातक छंदाला त्यांनी पर्याय दिला. म्हणून ती काढली गेली. हे मी आदराने मान्य करतो. १९११ साली नॉरफकमध्ये एमा टर्नर यांनी टिपलेल्या कोवळ्या वयाच्या बिटर्नच्या पिलाचे छायाचित्र म्हणजे तो पक्षी ब्रिटनमध्ये पुन्हा वीण करू लागल्याचा पुरावा होता, आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण विज्ञानाला घरट्याखेरीज इतरही प्रश्न पडले होते. उड्डाणात शिकारी पक्षी कसे ओळखायचे, चिखलावर एकत्र चरणाऱ्या चिखल्या-तुतवारांचे हिवाळी पिसारे कसे वेगळे करायचे, पिसे बदलताना कोणते पीस आधी गळते, हे प्रश्न त्या काळी पक्षिशास्त्रज्ञांच्या रोजच्या चर्चेत होते. त्यांची उत्तरे कुणी दिली? चित्रकारांनी आणि संग्रहालयातल्या कातड्यांनी. सलीम अलींचे १९४१ सालचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' रंगीत चित्रांवर उभे आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: त्या दर्जाची छायाचित्रे त्या पक्ष्यांची नव्हतीच. विज्ञानाची मागणी हेच कारण असते, तर कॅमेरा या प्रश्नांकडेही तेवढ्याच जोमाने वळला असता. तो वळू शकला नाही.

रंगाने तर घड्याळाचे काटे मागे नेले. ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३६ साली आली तेव्हा तिची संवेदनशीलता आजच्या मापाने आयएसओ १० च्या आसपास होती. मघाचे गणित लावले तर भर दुपारच्या उन्हात, एफ/५.६ वर, शटर १/८०. या वेगाने हातातल्या दुर्बिणी लेन्सने फांदीवर डुलणारा पक्षीही स्पष्ट येणे अवघड. १९६१ साली ती २५ वर आली, १९६२ साली ६४ वर. प्रत्येक टप्प्याला पक्षी घरट्यापासून थोडा दूर सरकताना छापील पुस्तकांत दिसतो. आयएसओ ६४, एफ/५.६, भर उन्हात १/५००: आता काठावर स्थिर उभा बगळा, पाण्यावर तरंगणारी बदके, झेपावण्याआधीची घार आवाक्यात आली. जर्मनीच्या नोव्होफ्लेक्स कंपनीने १९५० च्या दशकात पिस्तुलासारखी मूठ दाबून फोकस बदलणारी लेन्स काढली होती. उडत्या पक्ष्यांचे वेड असलेल्यांनी ती डोक्यावर घेतली. १९८५ साली मिनोल्टा ७००० ने स्वयंचलित फोकस सर्वसामान्यांच्या हाती दिला. १९९० च्या दशकात कॅननने हाताची थरथर शोषून घेणाऱ्या लेन्स आणल्या, १९९९ साली मोठ्या दूरपल्ल्याच्या लेन्सनाही ती सोय दिली. या थरथररोधाबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे, म्हणून सांगतो: तो छायाचित्रकाराचा हात सावरतो, पक्ष्याचा पंख नव्हे. बसलेल्या पक्ष्यासाठी तो वरदान आहे, उडत्यासाठी त्याचा उपयोग बेताचाच. १९९० साली आलेल्या आणि रंगांसाठी नावाजलेल्या वेल्व्हिया फिल्मची संवेदनशीलता अवघी ५० होती. म्हणजे विसावे शतक सरत आले तरी रंगीत काम करणाऱ्या उत्तम छायाचित्रकाराच्या डोक्यावर प्रकाशाच्या कर्जाचा बोजा होताच. पारदर्शिकेवर काम करताना प्रत्येक फ्रेमला पैसे पडत आणि चित्र आले की नाही हे धुलाईनंतरच कळे, हेही विसरू नये. चुकण्याची मुभा नसली की माणूस खात्रीच्या जागी जातो.

खरी सुटका डिजिटल सेन्सरने केली, आणि तीही पहिल्या दिवशी नाही. २००७ साली आलेल्या निकॉन डी३ च्या सुमारास आयएसओ ६४०० हा आकडा केवळ जाहिरातीतला न राहता कामाचा झाला. आयएसओ २५ पासून ६४०० म्हणजे २५६ पट. भर उन्हात एफ/५.६ वर जिथे १/२०० मिळत होते, तिथे आयएसओ ८०० ला १/६४०० मिळू लागले. ढगाळ सकाळीही १/२००० राखता येऊ लागले. मग आजचे ते सर्वपरिचित सेटिंग रुळले: शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान, लेन्स पूर्ण उघडी किंवा किंचित मिटलेली, आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवलेला. ऐतिहासिक दृष्टीने यातली तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. शंभर वर्षे संवेदनशीलता हा ठरलेला, न हलणारा आकडा होता आणि बाकी सगळे, माणसाची जागा आणि पक्ष्याची जागासुद्धा, त्याच्याभोवती जुळवून घ्यावे लागे. आता तोच आकडा सर्वांत आधी हलतो. त्याची किंमत नॉइजच्या रूपात मोजावी लागते, पण दाणेदार आणि स्पष्ट चित्र सुधारता येते. हललेले चित्र सुधारत नाही. २०२० आणि २०२१ साली कॅनन आणि सोनीच्या कॅमेऱ्यांनी पक्षी, पुढे त्याचा डोळाच, ओळखून त्यावर फोकस धरून ठेवायला सुरुवात केली. कीर्टन बंधूंच्या दुधी काचेने घातलेली अट, फोकस आधी आणि पक्षी नंतर, तिथे पूर्णपणे उलटली. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला होडीतून रोहितांचे उठते थवे टिपणारा आजचा हौशी छायाचित्रकार, होडी हलत असताना, जे सहज घरी आणतो ते लोक वान थो यांना साऱ्या संपत्तीनिशी मिळवता आले नसते.

आता सर्वांत महत्त्वाचा आक्षेप. घरट्याचे छायाचित्र मागे पडले ते यंत्रामुळे नव्हे, माणसाच्या सुधारलेल्या विवेकामुळे आणि कायद्यामुळे, असे पुष्कळांना वाटते, आणि असे वाटावे ही चांगलीच गोष्ट आहे. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्याजवळ त्रास द्यायला परवान्याशिवाय बंदी केली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणे येते. पण तारखा पाहाव्यात. आपला कायदा १९७२ चा. त्यानंतर कितीतरी वर्षे कॅलेंडरांत, मासिकांत आणि प्रदर्शनांत घरट्यांची छायाचित्रे सन्मानाने झळकत राहिली. घरट्याची छायाचित्रे स्वीकारू नयेत असा आग्रह पक्षिप्रेमींच्या गटांमध्ये सार्वत्रिक झाला तो डिजिटल कॅमेरे हातोहाती पोहोचल्यानंतर. याचा अर्थ विवेक खोटा होता असा मी लावत नाही. विवेक आधीही होता. पक्षिणीला सवय होईपर्यंत लपण रोज थोडेच पुढे सरकवण्याचा संयम हे त्याचेच रूप होते. पण घरटे सोडले तर हाती काहीच येत नाही, अशा स्थितीत नियम पाळणारे थोडे असतात. घरटे सोडूनही उत्तम चित्र मिळते, हे कॅमेऱ्याने शक्य केले, आणि मग नियमाला पाळणारे भेटले. शिवाय कॅमेरे स्वस्त झाल्याने एका घरट्यापुढे पन्नास माणसे उभी राहू लागली, त्यामुळे नियमाची निकडही वाढली. एकाच यंत्राने उपद्रव वाढवला आणि त्यावरचा उताराही दिला.

यावर कुणी म्हणेल की घरट्याचा मोह तर आजही संपलेला नाही. मग प्रकाशाचा आणि त्याचा संबंध कसा? उलट, तो आज कुठे टिकून आहे हे पाहिले की संबंध अधिकच पक्का होतो. उघड्या माळावर, पाणथळीवर, समुद्रकिनाऱ्यावर घरट्याची चित्रे जवळपास बंद झाली. ती टिकून आहेत गर्द जंगलात. कोकणातल्या ओढ्याकाठी पावसाळ्यात मातीच्या दरडीत घरटे करणारा तिबोटी खंड्या हे नेमके उदाहरण. जांभळा, पिवळा, नारिंगी, चिमणीहून लहान, गोळीसारखा वेगवान, आणि वावर अशा सावलीत जिथे जूनच्या ढगांखाली भर दुपारीही दिवेलागणीचा उजेड असतो. तिथला प्रकाश लख्ख उन्हापेक्षा आठ स्टॉपने (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी धरला, तर आयएसओ ३२०० आणि एफ/५.६ वर शटर येते १/१००. म्हणजे आजचा अत्याधुनिक कॅमेरा घेऊन आपण त्या ओढ्यावर उभे राहिलो की १९६१ ची कोडाक्रोम एफ/८ वर घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या पंगतीला जाऊन बसतो. पक्षी स्थिर हवा, जागा आधी ठाऊक हवी, आणि दरडीसमोरची ती ठरलेली काटकी हाक मारू लागते. सह्याद्रीतल्या धनेशाच्या ढोलीपुढे जमणारी गर्दीही याच कारणाने जमते: नर ठरावीक वेळाने फळे घेऊन येणार याची खात्री. कुमाऊँतल्या साततालसारख्या ठिकाणी घरट्याऐवजी पाण्याच्या डबक्यापुढे लपणे उभी राहिली. तिथेही जंगल सावलीचे आणि पक्षी येण्याचा बिंदू ठरलेलाच. उजेड जिथे अजून अपुरा आहे तिथे जुनी पद्धत जगली, आणि पुरेसा झाला तिथे ती सरली.

या मांडणीची परीक्षा घेणे आता शक्य आहे. चॅपमन यांच्या पिढीने एक्स्पोजरची जी माहिती वहीत टिपून ठेवली, ती आजचा कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत स्वतःच नोंदवतो: शटर, ॲपर्चर, आयएसओ, लेन्स, तारीख, वेळ. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या घरट्यांच्या छायाचित्रांतल्या या नोंदी काढून त्याच पक्ष्यांच्या घरट्यापासून दूर घेतलेल्या चित्रांशी ताडून पाहाव्यात. माझे म्हणणे खरे असेल तर घरट्याची चित्रे मंद शटर आणि चढ्या आयएसओच्या टोकाला गर्दी करतील, आणि गेल्या दहा वर्षांत सेन्सर जसजसे सुधारले तसतसे त्यांचे प्रमाण जंगलातल्या पक्ष्यांतही घटलेले दिसेल. लख्ख उन्हात, आयएसओ ४०० ला घेतलेली घरट्यांची चित्रे तेवढ्याच संख्येने निघाली, तर प्रकाशाचे कारण सोडून मला दुसरे शोधावे लागेल. तोवर १९४९ च्या लोदर यांच्या पुस्तकातली घरट्यावरची पक्षीण पाहताना तिच्यामागे मला एक संथ प्लेट, अर्धवट मिटलेली लेन्स आणि श्वास रोखून मोजलेला सेकंदाचा दहावा भाग दिसत राहतो.